परदेशातला पदवीधर आणि गावाकडचा जामीनदार

आपल्या समाजातला मुलगा किंवा मुलगी लंडनला, मँचेस्टरला किंवा बोस्टनला शिकायला निघाली की आपल्याकडे काय होते हे सर्वांना ठाऊक आहे. चौकात बॅनर लागतो, विहारात सत्कार होतो, बाबासाहेबांच्या फोटोशेजारी त्या मुलाचा फोटो छापला जातो. हे व्हायलाच पाहिजे, त्यात आक्षेप घेण्यासारखे काही नाही. पण दोन-तीन वर्षांनी त्याच मुलाच्या बापाच्या नावाने बँकेची नोटीस येते, तेव्हा बॅनरवरच्या शुभेच्छुकांपैकी एकही जण त्या घराची कडी वाजवत नाही. बाप नोटीस गादीखाली ठेवतो, आई नातेवाइकांच्या लग्नाला जायचे टाळते आणि तिकडे मुलगा फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणत राहतो.

आम्ही हा लेख त्या गादीखालच्या नोटिशीबद्दल लिहीत आहोत. कारण आमच्या मते तो त्या एका घराचा खासगी प्रश्न नाही. तो शिष्यवृत्तीचा प्रश्न आहे, जमिनीचा प्रश्न आहे आणि म्हणून जातीचा प्रश्न आहे.

या प्रश्नावर आपल्याच माणसांकडून दोन प्रतिक्रिया ऐकू येतात. पहिली, "झेपत नव्हतं तर एवढं कर्ज काढून गेलाच कशाला?" दुसरी, "तिकडे पौंडात कमावतो आणि समाजाला विसरला, चळवळीला दहा रुपये देत नाही." या दोन्ही प्रतिक्रिया एकाच तोंडातून येतात, हे विशेष. एकीकडे तो दिवाळखोर, दुसरीकडे तो कंजूष श्रीमंत. खरा तो काय आहे, हे कागदावर मांडून बघू.

बाबासाहेबांनी कोणाच्या पैशाने शिक्षण घेतले?

परदेशी शिक्षणाची गोष्ट निघाली की आपण बाबासाहेबांचे उदाहरण देतो. मग ते पूर्ण द्यावे. १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि त्या बदल्यात शिक्षण संपल्यावर बडोदा संस्थानची दहा वर्षे नोकरी करायची असा करार होता. मुदत संपली आणि १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परत यावे लागले. करार पाळायला ते बडोद्याला गेले. तिथे काय झाले हे आपल्यातल्या लहान पोरालाही माहीत आहे. शिपाई फायली लांबून फेकत होते, राहायला कोणी जागा देईना, आणि पारशी विश्रामगृहात नाव बदलून राहिलेल्या या परदेशी पदवीधराला अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले.

यातला मुद्दा नीट लक्षात घ्या. करार एका पक्षाने पाळायचा ठरवला होता. पण तो पाळता येईल अशी परिस्थिती जातिव्यवस्थेने ठेवली नाही. नोकरी करून ऋण फेडायचे, तर नोकरी करू दिली पाहिजे. राहायला घर दिले पाहिजे. बाबासाहेबांना तेही मिळाले नाही.

पुढे १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून पोटाला चिमटा काढून साठवलेले पैसे, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राने उसने दिलेले पाच हजार रुपये, असा त्या प्रवासाचा हिशोब होता. म्हणजे एक कर्ज त्यातही होते. पण ते कर्ज मित्राचे होते. त्याला दर महिन्याला वाढणारे व्याज नव्हते, वसुली एजंट नव्हता, आणि डबक चाळीतल्या किंवा परळच्या खोलीवर जप्तीची नोटीस चिकटवायला कोणी येणार नव्हते.

स्वतः हे सर्व भोगलेल्या माणसाने सत्तेत गेल्यावर काय केले, हेही पाहा. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी अनुसूचित जातींच्या तक्रारींचे जे निवेदन सरकारला दिले, त्यात उच्च शिक्षणासाठी आणि परदेशी शिक्षणासाठी सरकारी पैशाची मागणी होती. १९४४ साली अनुसूचित जातींची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली ती या रेट्यातून. बाबासाहेबांनी आपल्या मुलांसाठी स्वस्त कर्ज मागितले नाही. त्यांनी शिष्यवृत्ती मागितली. समाजाच्या शिक्षणाचा खर्च राज्याने उचलायचा, ही त्यामागची भूमिका होती. आज ती भूमिका हळूहळू उलटवली जाते आहे आणि शिष्यवृत्तीच्या जागी कर्ज आणून बसवले जाते आहे.

रांग मोठी, जागा मोजक्या

महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. जागा किती? ७५. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती संपूर्ण देशासाठी आहे. जागा किती? १२५, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतच्या सगळ्या अनुसूचित जातींच्या मुलांनी या ११५ जागांत मावायचे.

बरे, या जागा तरी सरळ मिळतात का? २०२२ साली केंद्राने नियम बदलले आणि भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताचा सामाजिक अभ्यास हे विषय शिष्यवृत्तीतून वगळले. म्हणजे जातीवर संशोधन करायला कोलंबियाला जायचे असेल तर सरकार पैसे देणार नाही. आज बाबासाहेबांनी जातिसंस्थेवर निबंध लिहायचे म्हणून अर्ज केला असता तर तो अर्ज छाननीतच बाद झाला असता. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने शाहू महाराजांच्या नावाच्या शिष्यवृत्तीला ७५ टक्के गुणांची अट घातली. विद्यार्थी आणि संघटनांनी आवाज उठवल्यावर ती मागे घ्यावी लागली. २०२५ साली केंद्राच्या यादीत निवड झालेल्या १०६ जणांपैकी सुरुवातीला फक्त ४० जणांना पत्रे मिळाली. बाकीच्यांना सांगितले गेले की निधी उपलब्ध झाला तर बघू. विद्यापीठाची फी भरायची तारीख मात्र "बघू" म्हणत थांबत नाही.

मग ज्याच्या हातात प्रवेशपत्र आहे, पात्रता आहे, पण शिष्यवृत्ती नाही, तो काय करतो? एक वर्ष थांबला तर प्रवेश जातो. तो बँकेच्या दारात जातो. तिथून आपली खरी गोष्ट सुरू होते.

तारण म्हणजे सातबारा, आणि सातबारा म्हणजे जात

बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही. त्याच्यावर तारण लागते. इंग्लंड-अमेरिकेच्या एका पदव्युत्तर वर्षाला साडेसात लाख कुठे पुरतात? तेवढ्यात अर्धी फीसुद्धा भागत नाही. शिवाय चार लाखांवरच्या कर्जात परदेशी शिक्षणाच्या एकूण खर्चाचा पंधरा टक्के वाटा विद्यार्थ्याने स्वतः घालायचा असतो. म्हणजे तीस लाखांचा खर्च असेल तर साडेचार लाख आधी हातात पाहिजेत.

आता तारण. बँकेला शहरातला फ्लॅट, बिगरशेती प्लॉट किंवा मुदत ठेव पाहिजे. शेतजमीन बँका सहसा घेत नाहीत, कारण सरफेसी कायद्याने शेतजमिनीची वसुली करता येत नाही. आपल्या लोकांकडे काय आहे? ज्यांच्याकडे थोडीफार जमीन आहे, ती पुष्कळदा महार वतनाची. १९५८ च्या कायद्याने वतने गेली आणि जमिनी नवीन शर्तीने परत मिळाल्या. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-२ असा शेरा आहे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतर नाही. कोणाची जमीन गायरानावरची, कब्जा दोन पिढ्यांचा पण कागद नाही. गावातले घर घरकुल योजनेतले. शहरातले घर झोपडपट्टीत किंवा पुनर्वसनाच्या इमारतीत, जिथे विकायला-गहाण टाकायला बंधने आहेत.

बँकेचा अधिकारी आपल्याला जात विचारत नाही. तो फक्त स्पष्ट मालकीचा कागद विचारतो. पण कोणाच्या आजोबाकडे स्पष्ट मालकीचा कागद होता आणि कोणाच्या आजोबाला गावची मेलेली जनावरे ओढण्याच्या बदल्यात वतन होते, हे कोणी ठरवले? ज्याच्या आजोबाचा वाडा शहराच्या मध्यवस्तीत होता त्याचा नातू साडेनऊ-दहा टक्क्यांनी सरकारी बँकेचे कर्ज घेऊन जातो. ज्याच्या आजोबाला गावकुसाबाहेर ठेवले होते त्याच्या नातवाला तारण नाही म्हणून बिगरबँक वित्तीय कंपनीकडे जावे लागते. तिथे तारण मागत नाहीत, पण व्याज बारा-तेरा टक्के लावतात आणि शिक्षण चालू असतानाच व्याजाचे हप्ते सुरू करतात. गुणपत्रिका दोघांची सारखी, विद्यापीठ एकच, बाकही शेजारी. फरक व्याजदरात आहे आणि तो फरक आजोबांकडून आला आहे.

हिशोब करून बघू

तीस लाखांचे कर्ज धरू. सोयीसाठी सगळी रक्कम एकदम उचलली असे मानू. एक वर्षाचा अभ्यासक्रम, त्यानंतर एक वर्षाची सवलत. बारा टक्के सरळ व्याजाने दोन वर्षांत सात लाख वीस हजार रुपये चढतात. पहिला हप्ता सुरू होण्याआधीच कर्ज सदतीस लाख वीस हजार झालेले असते. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे ५३,४०० रुपये. एकूण भरणा सुमारे चौसष्ट लाख. पहिल्या महिन्याच्या हप्त्यात ३७,२०० रुपये नुसते व्याज असते. म्हणजे एखाद्याने पोटाला मारून दरमहा पस्तीस हजार पाठवले तरी मूळ रक्कम एक रुपयानेही कमी होत नाही, उलट थकबाकी वाढते.

हेच कर्ज चार टक्क्यांनी मिळाले असते तर? पहिल्या हप्त्याआधी ते बत्तीस लाख चाळीस हजार असते, हप्ता सुमारे ३२,८०० रुपये आणि एकूण भरणा चाळीस लाखांच्या आत. दोन्हींतला फरक जवळपास पंचवीस लाख रुपये. राष्ट्रीय अनुसूचित जाती वित्त विकास महामंडळाची कमी व्याजाची शैक्षणिक कर्ज योजना कागदावर आहे, महाराष्ट्रात ती महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळामार्फत चालवायची आहे. जिल्हा कार्यालयात जाऊन विचारून बघा, किती जणांना वेळेत मिळते. आम्ही तरुणांना विचारतो तेव्हा बहुतेकांनी या योजनेचे नावही ऐकलेले नसते. व्याज अनुदानाची अवस्था याहून वाईट. केंद्राची परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याज अनुदानाची एक योजना डॉ. आंबेडकरांच्या नावाने काढली गेली, पण ती इतर मागासवर्ग आणि आर्थिक मागासांसाठी. अनुसूचित जातीचा विद्यार्थी त्या योजनेत बसतच नाही. अल्पसंख्याकांसाठीची 'पढो परदेश' योजना २०२२ साली बंद केली. नव्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत परदेशातली विद्यापीठे नाहीत. ओबीसी, मुस्लिम आणि आपण, तिघांच्याही वाट्याला शेवटी बाजारभावाचे व्याजच आले, आणि हे तिघांनी एकत्र मांडायला हवे.

"पण तो पौंडात कमावतो ना?"

इंग्लंडमध्ये शिकताना आठवड्याला वीस तासच काम करता येते. २०२५ च्या एप्रिलमध्ये तिथले किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झाले. पौंड एकशे दहा रुपये धरला तर वर सांगितलेला हप्ता ४८५ पौंडांचा होतो. म्हणजे चाळीस तासांची मजुरी. शिकताना ज्याला वीस तासांची मर्यादा आहे त्याची दोन आठवड्यांची सगळी कमाई एका हप्त्यात जाते. घरभाडे, जेवण, बसचा पास त्यानंतर. आपली मुले गोदामात पेट्या उचलतात, रात्री हॉटेलात भांडी घासतात, वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करतात. कामात कमीपणा काहीच नाही, आपण कष्टाची लेकरे आहोत. पण त्याच्याकडे पदवी आहे आणि पदवीचे काम मिळत नाही, हे विसरून चालणार नाही.

का मिळत नाही? शिक्षणानंतरचा पदवीधर व्हिसा दोन वर्षांचा. १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना तो दीड वर्षाचाच होणार आहे. त्यापुढे राहायचे तर कुशल कामगाराचा व्हिसा पाहिजे. त्यासाठी लागणारा किमान पगार एप्रिल २०२४ मध्ये वर्षाला २६,२०० पौंडांवरून ३८,७०० वर नेला आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७०० केला. नवख्यांना थोडी सवलत आहे, पण तेवढा पगार देऊन व्हिसाचा खर्च उचलणारी कंपनी शोधायची कशी? ओळखीने. आणि ओळखी कोणाच्या आहेत? ज्यांचे काका-मामा तीस वर्षांपूर्वी तिकडे स्थायिक झाले, ज्यांच्या महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांचे जाळे तिकडे पसरले आहे, त्यांच्या. आपला मुलगा घराण्यातला पहिला पासपोर्ट काढणारा असतो. आडनाव विचारून चौकशी करणारे तिकडेही भेटतात. अमेरिकेत सिएटल शहराने २०२३ साली जातिभेदाला बंदी घातली, ती उगाच नाही. ब्रिटनने मात्र समता कायद्यात जातीचा स्पष्ट समावेश करायचे २०१८ साली नाकारले.

त्यात रुपयाची घसरण. २०१४ च्या मध्यात डॉलर साठ रुपयांच्या आसपास होता, २०२५ मध्ये तो पंच्याऐंशीच्या वर गेला. जो तिकडे टिकला त्याला रुपयातले कर्ज थोडे हलके होते, हे खरे आहे. पण शिकत असताना पौंड शंभरावरून एकशे पंधरावर गेला तर वीस हजार पौंडांची फी वीस लाखांवरून तेवीस लाख होते, आणि वरचे तीन लाख बँकेने मंजूर केलेले नसतात. ते मामाकडून, आत्याकडून, पतपेढीतून येतात. आणि ज्याला नोकरी न मिळाल्यामुळे परत यावे लागते, त्याला इथल्या तीस हजारांच्या पगारातून त्रेपन्न हजारांचा हप्ता भरायचा असतो. विनिमय दराचा फटका कोणाला बसतो हे ज्यांना समजून घ्यायचे असेल त्यांनी लक्षात ठेवावे की बाबासाहेबांनी लंडनला असताना ज्या प्रश्नावर प्रबंध लिहिला तो रुपयाचाच प्रश्न होता.

मुलींच्या बाबतीत आणखी एक ओझे आहे. तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली की स्थळाकडचे विचारतात, कर्ज कोण फेडणार? आपल्याच समाजात विचारतात. सावित्रीमाईच्या जयंतीला भाषण करणारे विचारतात. शिक्षणाच्या कर्जामुळे मुलीचे स्थळ मोडत असेल तर आपण बॅनरवरून सावित्रीमाईचे नाव काढून टाकावे.

"कर्ज घेतलेत तर फेडा"

यावर एक आक्षेप येणार. कर्ज घेतले तर फेडले पाहिजे, फुकटेपणा कशाला? आम्ही स्पष्ट सांगतो, कर्ज बुडवा असे आम्ही म्हणत नाही. बुडवले तर मार बसतो तो जामीनदाराला. करार कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. तो जामीनदार म्हणजे एसटीतला काका, जिल्हा परिषद शाळेतली मावशी, नगरपालिकेत सफाईचे काम करून निवृत्त झालेला बाप. मुलगा परदेशात फोन बंद करून बसला तर बँक यांच्या दारात येते. म्हणून फोन बंद करणे हा मार्ग नाही.

पण नीतीचे धडे सर्वांना सारखे द्या. सरकारनेच संसदेत सांगितले आहे की २०२३-२४ पर्यंतच्या दहा आर्थिक वर्षांत बँकांनी सोळा लाख पस्तीस हजार कोटींची कर्जे निर्लेखित केली. निर्लेखित म्हणजे माफ नाही, वसुली चालू राहते, हे तांत्रिक उत्तर आम्हाला माहीत आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. मोठ्या कंपनीचे कर्ज थकले की बँकेचे अधिकारी टेबलावर बसून मुदत वाढवतात, व्याज कमी करतात, रकमेत तडजोड करतात आणि त्याला व्यवहार म्हणतात. आपल्या मुलाचे तीन हप्ते थकले की वसुली एजंट शेजाऱ्यांसमोर आवाज चढवतो आणि त्याला नीती म्हणतात. आम्हाला माफी नको. जो टेबल त्यांना मिळतो तोच टेबल आम्हाला पाहिजे.

आणि कर्ज फेडण्याची दुसरी पद्धत जगात आहे. ज्या इंग्लंडमध्ये आपला मुलगा शिकतो, तिथल्या स्थानिक विद्यार्थ्याला पदव्युत्तर शिक्षणाचे सरकारी कर्ज मिळते. वर्षाचे उत्पन्न २१,००० पौंडांच्या वर गेले तरच, आणि वरच्या रकमेच्या सहा टक्केच, त्याच्याकडून घेतले जातात. नोकरी गेली की हप्ता आपोआप थांबतो. तीस वर्षांनी उरलेले कर्ज रद्द होते. त्या पद्धतीवरही टीका आहे, व्याज वाढत राहते हे खरे आहे. पण तिथे बापाचे घर गहाण नसते. एकाच वर्गात बसलेल्या दोघांपैकी गोऱ्या मुलाचा हप्ता त्याच्या पगाराकडे बघून ठरतो आणि आपल्या मुलाचा हप्ता त्याच्या पगाराकडे न बघता ठरतो.

आज हप्ता थकला असेल तर

मागण्या करायच्याच आहेत, पण ज्याचा हप्ता या महिन्यात थकला आहे त्याला मागण्यांनी दिलासा मिळत नाही. म्हणून काही गोष्टी ठळकपणे सांगतो.

हप्ता नव्वद दिवस थकला की खाते अनुत्पादक ठरते. जे करायचे ते त्याआधी करा. बँकेला लेखी कळवा, ईमेल करा, पोच ठेवा. बँकांच्या आदर्श योजनेतच अशी तरतूद आहे की कर्जाच्या काळात बेरोजगारी किंवा कमी पगाराची वेळ आली तर दोन-तीन वेळा हप्त्यांना सवलत देता येते, आणि परतफेडीची मुदत पंधरा वर्षांपर्यंत नेता येते. शाखेतला अधिकारी हे स्वतःहून सांगत नाही. तुम्ही नाव घेऊन मागा.

घर तारण असेल तर सरफेसी कायद्याने आधी साठ दिवसांची नोटीस द्यावी लागते. त्या नोटिशीला लेखी हरकत घ्या. पंधरा दिवसांत कारणासह उत्तर देणे बँकेला बंधनकारक आहे. ताबा घेण्याची कारवाई झाली तर पंचेचाळीस दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात जाता येते. नोटीस गादीखाली ठेवली की हे सगळे दिवस फुकट जातात.

वसुली एजंटला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, धमकी देता येत नाही, नातेवाइकांत बदनामी करता येत नाही. तक्रार आधी बँकेकडे करा आणि तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे करा. दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याज लावायला रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे, खात्याचा उतारा मागवून ते तपासा. "तुझा पासपोर्ट अडवू, विमानतळावर पकडू" अशा धमक्यांना घाबरू नका. कर्ज थकणे हा मुळात दिवाणी मामला आहे, आणि थकबाकीदारांविरुद्ध परस्पर लुकआउट नोटीस मागण्याचा सरकारी बँकांचा अधिकार मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये रद्द केला.

आणि एक हप्ता भरायला मोबाइल ॲपवरून दुसरे कर्ज काढू नका. बारा टक्क्यांच्या खड्ड्यातून निघायला तीस-चाळीस टक्क्यांच्या विहिरीत उडी मारण्यासारखे ते आहे.

चळवळीने काय करायचे?

शासनाकडे आमच्या मागण्या सरळ आहेत. राज्याच्या ७५ जागा वाढवा आणि पात्र ठरलेला एकही अनुसूचित जातीचा विद्यार्थी निधीअभावी मागे ठेवू नका. केंद्राने विषयांवरची बंदी उठवावी. शिष्यवृत्ती न मिळालेल्यांच्या कर्जाला राज्य सरकारने स्वतः हमी द्यावी, म्हणजे तारणाचा प्रश्नच उरणार नाही. अनुसूचित जातींसाठी परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याज अनुदान सुरू करावे. आणि हप्ता पगाराच्या प्रमाणात घेणारी पद्धत आणावी. यातली एकही मागणी खैरात नाही. अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी कुठे कुठे वळवला जातो हे आपण दर अधिवेशनात वाचतो. तो निधी ज्यांच्या नावाने येतो त्यांच्यावर खर्च करा, एवढेच म्हणणे आहे.

पण सगळे शासनावर टाकून आपण मोकळे होणार नाही. आपल्याकडे वकील आहेत, बँकेत नोकरी करणारे शेकडो जण आहेत, सनदी लेखापाल आहेत. प्रत्येक जिल्ह्यात एका विहारात महिन्यातून एक रविवार शैक्षणिक कर्जाचे मार्गदर्शन केंद्र का चालू नये? जायच्या आधी मुलाला व्याजाचा हिशोब समजावून सांगणारे आणि नोटीस आल्यावर हरकतीचा अर्ज लिहून देणारे. आज हे काम कन्सल्टन्सीवाले करतात. त्यांना विद्यापीठाकडून दर प्रवेशामागे कमिशन मिळते, म्हणून त्यांच्या सेमिनारमध्ये हप्त्याचा आकडा कधीच फळ्यावर येत नाही. तो आकडा आपण फळ्यावर लिहू.

जे तिकडे स्थिरावले आहेत त्यांनाही आमचे सांगणे आहे. बाबासाहेबांचा पुतळा बसवायला तुम्ही वर्गणी दिलीत, आनंद आहे. आता नव्याने आलेल्या मुलाला पहिले तीन महिने राहायला खोली द्या, तुमच्या कंपनीत त्याच्या नावाची शिफारस करा, अडचणीच्या वर्षात बिनव्याजी चार हप्ते उसने द्या. नवल भथेनांनी एका मित्राला उसने पैसे दिले आणि त्या पैशाने कोण घडले हे जगाने पाहिले. आपण हजारोंच्या संख्येने आहोत, आपल्याला एकट्या मित्राच्या भरवशावर राहण्याची गरज नाही.

आणि तरुणांनो, तुम्हाला. परदेशी शिकायला जाऊ नका, असे सांगणाऱ्यांचे ऐकू नका. कर्जाच्या भीतीने आपण मागे राहिलो तर त्या वर्गातले बाक पुन्हा त्यांच्याच नातवंडांनी भरतील. जा, पण हिशोब करून जा. आधी शिष्यवृत्तीसाठी अर्ज करा, भांडा, नाकारले तर माहिती अधिकारात कारण मागा. कर्ज घ्यावेच लागले तर प्रत्येक ओळ वाचून सही करा. आणि अडचण आली तर गप्प बसू नका. कर्ज थकले म्हणून तुमची लायकी कमी होत नाही, तुमच्या बापाची मान खाली जाण्याचे कारण नाही. लाज कोणाला वाटली पाहिजे? ज्या व्यवस्थेने आपल्याला तीन हजार वर्षे शिक्षणाचे दार बंद ठेवले आणि आता त्याच दाराशी बारा टक्क्यांची पावती घेऊन बसली आहे, तिला वाटली पाहिजे.

शिका म्हणताना बाबासाहेबांनी संघटित व्हायलाही सांगितले होते. हप्ता एकट्याने भरावा लागेल, पण हा लढा एकट्याने लढण्याचा नाही.

जयभीम!